जुनी माझदा रोडस्टर घेताय? आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

घरातली आणि ओळखीतली मुलं नोकरीसाठी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, जपानला जातात. हातात थोडे पैसे आले की मला फोन येतो, "मावशी, जुनी एमएक्स-5 (माझदाची उघड्या टपाची दोन सीटची रोडस्टर) मिळतेय, घेऊ का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. घे, पण मी सांगते त्या क्रमाने बघून घे. ऑकलंडला राहत होतो तेव्हा माझ्याकडे 1990 ची होती, आणि आता नाशिकच्या अंबडला माझं रोजचं काम सस्पेन्शनच्या सुट्या भागांच्या तपासणीचं आहे. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

नाशिकला ही गाडी आणता येईल का, हा प्रश्न आधी निकालात काढू. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर सर्वसाधारण नियमाने ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. त्यामुळे 1990 च्या आसपासच्या गाडीला एमएच 15 ची पाटी लावायचा विचार सोडून द्या. कोणी "कागदपत्रांचं मी बघतो" म्हणालं तर तिथेच बोलणं थांबवा. ही गाडी तुम्ही जिथे नोकरीला आहात तिथेच घ्यायची, तिथेच चालवायची आणि परत येताना तिथेच चांगल्या माणसाच्या हातात द्यायची.

मी बोलतेय ती पहिल्या पिढीच्या गाडीबद्दल, 1989 ते 1997 मधली, डोळे उघडावेत तसे हेडलाइट वर येणारी. बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंकडे साध्या, हलक्या, उघड्या टपाच्या गाडीचा विषय काढला होता. पुढे तोशिहिको हिराई यांच्या देखरेखीखाली ती घडली आणि फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. ब्रिटिशांनी अशा छोट्या रोडस्टर वर्षानुवर्षं बनवल्या होत्या आणि तोवर बहुतेक बंद केल्या होत्या. माझदाने तोच प्रकार घेतला, पण रोज सकाळी हमखास सुरू होणारा. जपानमध्ये ती 'युनोस रोडस्टर' नावाने विकली गेली. न्यूझीलंडमध्ये जपानहून वापरलेल्या गाड्या भरपूर येतात, त्यामुळे तिथे तुम्हाला बहुधा युनोसच भेटेल. चासी नंबरची सुरुवात बघा. एनए6सीई म्हणजे 1.6 लिटरचं इंजिन, एनए8सी म्हणजे 1.8.

आता मुद्द्याचं. 940 किलो. जपानी 1.6 चं वजन एवढंच आहे आणि ताकद 120 अश्वशक्ती. आजच्या एखाद्या एसयूव्हीचे आकडे याहून कितीतरी मोठे असतात, तरी वळणावर ही गाडी जे सुख देते ते त्या आकड्यांतून मिळत नाही. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे. बॅटरी पुढे न ठेवता डिकीत ठेवली आहे. इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या रेषेमागे सरकवलं आहे. दोन माणसं बसली की वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मंनिम्मं वाटलं जातं. चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी दांडे) आहेत, जे त्या काळी एवढ्या स्वस्त गाडीत क्वचितच मिळत. आणि गिअरबॉक्स ते डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा डबा) अशी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब जाळीदार तुळई आहे, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. इंजिनपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत सगळं एकसंध राहतं, म्हणून पाय दाबला की गाडी लगेच ऐकते, मध्ये कुठे ढिलाई नाही.

नाशिककरांना रिअर-व्हील ड्राइव्ह काही नवीन नाही. सातपूरला बनणारी बोलेरोही मागच्या चाकांवरच चालते. पण ती दीड टनाच्या वर, शिडीच्या फ्रेमवर उभी, तिचं काम वेगळं. आपल्याकडे हलकी, जपानी मुळाची आणि मागच्या चाकांवर चालणारी म्हणाल तर मारुतीची ओम्नी होती आणि टू-व्हील ड्राइव्हवर चालवलेली जिप्सी. मी हे गंमत म्हणून सांगत नाही. परदेशी जाण्याआधी ओळखीत कोणाकडे चांगल्या स्थितीतली जिप्सी असेल तर ती मोकळ्या, बंदिस्त मैदानात पहिल्या पावसानंतर सावकाश चालवून बघा. मागची चाकं सुटायला लागली की आधी कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर. ती जाणीव एकदा आली की रोडस्टर चालवणं सोपं जातं. ओम्नीत मात्र हा प्रयोग करू नका, ती उंच आणि अरुंद आहे.

गाडी बघायला जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: बॅटरी, म्हणजे टॉर्च, पाण्याची बाटली आणि खाली आडवं पडायला जुनी चादर. इंजिन सुरू करायची घाई करू नका. विकणारा माणूस आधी इंजिनच ऐकवेल, कारण ते बहुतेक वेळा चांगलं असतं. या गाडीचं इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, टप नवीन बसतो. पण सिल, म्हणजे दाराखालचा लांब पत्रा, गंजला असेल तर गाडीचा कणाच गेला. उघड्या टपाच्या गाडीत छप्पर ताकद देत नाही, सगळा भार दाराखालचा पत्रा उचलतो.

गंज कुठून येतो हे समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. टप जिथे सीटच्या मागे दुमडतो, तिथे दोन्ही कोपऱ्यांत पाणी निघून जायला एकेक भोक आहे. टपावरून ओघळलेलं पाणी तिथे जमतं, आतल्या नळीतून उतरतं आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे गाडीखाली पडतं. झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत या भोकांत पानं आणि माती अडकते. मग पाणी खाली जात नाही, आत सिलमध्ये आणि गालिच्याखाली शिरतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत, आत पापुद्रे.

म्हणून असं करा. टप अर्धा उचला, सीटबेल्टच्या खांबामागच्या कोपऱ्यात बाटलीतलं पाणी बारीक धारेने सोडा आणि दुसऱ्या माणसाला खाली बघायला सांगा. पाणी लगेच मोकळं पडलं पाहिजे. थेंबथेंब आलं किंवा आलंच नाही, तर सिल संशयाने तपासायचा. मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढे, जिथे कमान आणि सिल मिळतात, तिथे खालून अंगठ्याने जोरात दाबा. चांगला पत्रा हलत नाही. गंजलेला 'करकर' करतो, नाहीतर फुगलेला रंग सुटून हातात येतो. पुढच्या मडगार्डचा दारालगतचा खालचा कोपराही असाच बघा. सीटमागचा गालिचा उचला, हात ओला लागतो का बघा. सिलवर नुकताच जाड काळा रंग मारला असेल तर का मारला ते विचारा. इंग्लंडमध्ये किंवा जपानच्या बर्फाळ भागात वापरलेल्या गाडीला रस्त्यावरच्या मिठाचा त्रास असतो, तिथे खालची बाजू दुप्पट वेळ देऊन तपासा. आणि कोणी पुढच्या चासी रेल्सच्या (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लांब पोलादी तुळयांच्या) गंजाची भीती घातली तर एवढं लक्षात ठेवा, तो रोग मुख्यतः दुसऱ्या पिढीचा.

जपानहून आलेल्या गाडीचा लिलावाचा कागद मागून घ्या. त्यावर दर्जाच्या जागी आर किंवा आरए असेल तर अपघातानंतर दुरुस्त केलेली गाडी आहे. अशी गाडी घेऊच नये असं नाही, पण भाव तसाच पाहिजे.

इंजिनाचं थोडक्यात सांगते. 1989 ते 1991 च्या सुरुवातीपर्यंतच्या 1.6 मध्ये क्रँकशाफ्टचं पुढचं नाक, म्हणजे पुली बसते ते टोक, आखूड होतं. टायमिंग बेल्ट बदलताना बोल्ट नीट आवळला नाही तर पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी 'की'ची खाच झिजते आणि पुली डगमगायला लागते. इंजिन आयडलवर ठेवा आणि पुलीवर टॉर्च धरा. ती सरळ फिरली पाहिजे. पुलीवर चार खाचा दिसल्या तर आखूड नाक, आठ दिसल्या तर नंतरचं लांब नाक. डगमगत असेल तर दुसरी गाडी बघा. टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा. समजा तुटलाच, तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त जागेवर थांबते.

थंड असताना वरून टिकटिक येते ती हायड्रॉलिक लिफ्टरची. गरम झाल्यावर जाते, घाबरू नका. हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर आहे, त्याच्या ओ-रिंगमधून तेल झिरपतं आणि खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी दिसतं. गॅरेजवाला "क्रँकचं मागचं सील गेलं" म्हणून मोठं बिल सांगेल, तर आधी ही रिंग बदलायला लावा. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी नवीन असताना काळी असते. ती तपकिरी-हिरवट झाली असेल तर रेडिएटर म्हातारा झालाय, फुटायच्या आधी बदला. क्लच पेडल मऊ पडलं असेल तर स्लेव्ह सिलिंडर गळतोय, स्वस्तातलं काम.

आता माझा लाडका विषय. या गाडीत चाकांचे कोन, म्हणजे पुढे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), आणि मागे कॅम्बर आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर), खालच्या विशबोनच्या आतल्या टोकाच्या एक्सेंट्रिक बोल्टने (फिरवला की विशबोन सरकवणाऱ्या) बदलता येतात. जुन्या गाडीत हे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून बसतात आणि मग कोणी अलाइनमेंट करूच शकत नाही. त्यामुळे गाडी घेण्याआधी एखाद्या अलाइनमेंटच्या दुकानात अर्धा तास द्या आणि चारही कोपऱ्यांवरचे हे बोल्ट सुटतात का तेवढं विचारा. ज्या गाडीबद्दल लोक "हिचं एवढं कौतुक का?" म्हणतात, ती बहुतेक वेळा अलाइनमेंट बिघडलेली असते. नीट लावली की स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडा न खडा कळतो. टायर 185/60 आर14 मापाचे, हवा चारही चाकांत 26 पीएसआय. मोठी चाकं आणि रुंद टायर लावून गाडी जड करू नका. मी तरी अशी लावलेली गाडी घेणार नाही. जॅक पुढे सबफ्रेमवर आणि मागे डिफरन्शियलवर लावायचा. मधल्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुळईवर कधीच नाही.

टर्बो लावायचा का, असं सगळी मुलं विचारतात. मी नको म्हणते. या इंजिनाला सात हजार आरपीएमपर्यंत ओढलं तरी रस्त्यावर कायद्यात राहून पूर्ण ताकद वापरता येते. मोठ्या गाडीत ताकदीचा एक चतुर्थांशही वापरायला मिळत नाही. त्याच पैशांत नवे बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायर घ्या.

चालवताना क्रम असा ठेवा. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच ब्रेक पूर्ण मारा, खालचा गिअर टाका, मग आत शिरा आणि पाय थ्रॉटलवर हलका धरून ठेवा. वळणात मध्येच पाय झटकन उचलायचा नाही. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, ओल्या रस्त्यावर मागचा भाग निसटतो. ऑकलंडजवळच्या वायटाकेरेच्या डोंगररस्त्यावर मी हे शिकले, आणि आता नांदुरीहून सप्तशृंग गड चढताना साध्या हॅचबॅकमध्येही तसंच चालवते.

टप खाली घेण्याआधी मागच्या प्लॅस्टिकच्या काचेची चेन उघडा आणि काच सपाट आडवी पडू द्या. चेन न उघडता दुमडली की ती चिरते, आणि थंडीत तर हमखास. पाणी जाणारी भोकं दर पावसाळ्याआधी मऊ नायलॉनच्या दोरीने साफ करा, तारेने नको, आतली नळी फाटते. हेडलाइट वर येत नसेल तर बॉनेट उघडा, प्रत्येक मोटरवर हाताने फिरवायचा खटका आहे. बॅटरी डिकीत असल्यामुळे साधी घालू नका, एजीएम प्रकारची (बंदिस्त, न सांडणारी) घाला किंवा वायू बाहेर काढणारी नळी जोडलेली. सहा फुटांच्या वर उंची असेल तर भाव करण्याआधी बसून बघा, गुडघे स्टिअरिंगला लागतात.

सुट्या भागांची काळजी करू नका. 2016 मध्ये या नावाची दहा लाखावी गाडी बाहेर पडली, म्हणजे जगभर माल आहे. जपानमध्ये तर माझदाने पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायची सोय केली आणि काही बंद पडलेले भाग परत बनवले, अगदी मूळ मापाच्या टायरसकट. टोयोटाची 1983 ते 1987 ची एई86 हीसुद्धा अशीच हलकी आणि मागच्या चाकांवर चालणारी, मलाही फार आवडते. पण तिचे भाव आता इतके चढलेत की पहिल्या पगारात तिच्याकडे बघू नका.

गाडी ठरली की पैसे देण्याआधी सिलचे, पुलीचे आणि चासी नंबरचे फोटो मला पाठवा. नाशिकच्या वेळेप्रमाणे रात्री नऊनंतर मी मोकळी असते.