मानसोपचार वॉर्डात नवीन आहात? नोंद लिहिताना माझी झालेली चूक

आजारांची लक्षणं, औषधांचे गट, गोळी दिल्यावर तोंड तपासणं, हे सगळं तुम्ही कोर्समध्ये शिकून आला असाल. सायकिअ‍ॅट्रिक टेक्निशियन म्हणून लागल्यावर माझी जी चूक झाली, तेवढीच सविस्तर सांगते.

माझा दुसरा महिना होता. विशीतला एक मुलगा दाखल झाला होता, हॅलोपेरिडॉल हे अँटीसायकोटिक (भास-भ्रमांवरचं औषध) नुकतंच सुरू झालं होतं. तिसऱ्या दिवसापासून तो सारख्या येरझाऱ्या घालू लागला. दोन घास खाल्ले की ताटावरून उठायचा. उभा राहिला तरी भार या पायावरून त्या पायावर. "अरे, बस ना जरा," म्हटलं तर माझ्यावर ओरडला. मी लिहिलं, 'आक्रमक, सूचना पाळत नाही.' पुढच्या ड्यूटीवाल्यांनी माझी नोंद वाचून तेच लिहिलं. डोस वाढला आणि मुलगा आणखी बिघडला. "मला या अंगातून बाहेर पडायचंय," असं तो रात्री म्हणाला, तेही मी आजारातच जमा केलं.

रजेवरून परतलेल्या सिस्टर त्याच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "तुला बसायचं नाहीये, की बसवत नाहीये?" तो रडायलाच लागला.

तो अकथिसिया होता. अँटीसायकोटिक औषधांचा हा दुष्परिणाम बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत, आठवड्यांत दिसतो. आतून इतकी तगमग होते की माणसाला स्थिर राहवतच नाही. बाहेरून ती आजार बळावल्यासारखी दिसते, म्हणून डोस वाढतो, आणि डोसबरोबर तगमगही. यात आत्महत्येचे विचारसुद्धा येऊ शकतात. डॉक्टरांनी डोस उतरवला, तगमग कमी व्हायला प्रोप्रानोलॉल दिलं. दोन-तीन दिवसांनी त्यानं बसून पूर्ण जेवण केलं.

ही व्याख्या मला परीक्षेसाठी पाठ होती, तरी ओळखता आलं नाही. कारण 'आक्रमक' हा शब्द लिहिला आणि माझं बघणंच थांबलं. निदान करणं आपलं काम नाही, पण पेशंटजवळ आपण आठ तास असतो आणि डॉक्टर काही मिनिटं. आपण काय पाहिलं ते त्यांना आपल्या नोंदीतूनच कळतं. आज मी असं लिहीन: '९.१० ते ९.४० सलग चालला. दोनदा बसला, मिनिटाच्या आत उठला. पाय आतून ओढतात म्हणाला. बस म्हटल्यावर ओरडला, हात उगारला नाही.' आणि नोंदीवर न थांबता डॉक्टरांना तोंडीही सांगेन.

दर १५ मिनिटांच्या निरीक्षणाचा तक्ता आधीच भरून ठेवायला कोणी शिकवलं, तर ऐकू नका, मग तो कितीही जुना माणूस असो. 'शांत झोपला आहे' लिहिण्याआधी छाती वरखाली होताना दिसली पाहिजे. ते जमत नसेल तर हे काम करूच नका. शिकायचं असेल तर पेशंटशेजारी खुर्ची ओढून बसणाऱ्याकडून शिका, त्याची नोकरी किती वर्षांची आहे ते बघू नका.

काही गोष्टी राउंडपर्यंत थांबत नाहीत. अँटीसायकोटिक चालू असताना ताप येऊन अंग ताठरलं, तर लगेच कळवा. लिथियमवरच्या (हे मूड स्थिर ठेवणारं औषध) पेशंटला उलट्या-जुलाब झाले, हाताचा थरकाप वाढला, चालताना तोल गेला, तरी तसंच. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ mEq/L च्या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका असतो, इतकं ते अंतर कमी आहे. क्लोझापिन या अँटीसायकोटिकवर असलेल्याचा घसा दुखला किंवा पोट साफ होईना, तर तेही क्षुल्लक समजू नका.

मार बसेल, ही भीती सुरुवातीला सगळ्यांनाच असते. मलाही होती, अजूनही कधीतरी असते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दाराकडची बाजू मोकळी ठेवा, हातभर अंतर राखा, आवाज खाली ठेवा. बराचसा दिवस सोबत बसण्यात आणि ऐकण्यात जातो, ते तुम्हाला जमेल.

पहिल्या आठवड्यात स्वतःच्याच नोंदी काढून वाचा आणि आक्रमक, हट्टी, नाटकी असे शब्द मनातल्या मनात खोडून तिथे त्या वेळी नेमकं काय दिसलं होतं ते आठवून बघा. मला माझ्या निम्म्या नोंदींपुढे काहीच आठवलं नव्हतं.