चुका दिसत असताना पण यंग ॲडल्ट फँटसी कशी एन्जॉय करायची

यंग ॲडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या फँटसीची पन्नासेक पानं झाल्यावर पुस्तक मिटून ठेवावंसं वाटायला लागलं ना, की आधी स्वतःला एकच विचारा, एवढं खटकूनही आपण इथपर्यंत आलो कशामुळे? उत्तर बहुतेक वेळा एखादीच गोष्ट असते, एखादं शहर, एखादी मैत्री, नाहीतर जादूचा एखादा नियम. ती सापडली की उरलेलं पुस्तक तिच्यासाठी वाचायचं.

मध्ये मी एक वाचलं, त्यात नायिकेनं मंत्र वापरला की तिची एक आठवण कायमची जाते. बाकी सगळं नेहमीचंच, भविष्यवाणीतली निवडलेली मुलगी, दोन देखणे मुलगे आणि तिचं कोणावर प्रेम आहे ते शंभर पानं ठरत नाही, मी खरंच कंटाळले होते. पण एका पानावर तिचा धाकटा भाऊ धावत येतो आणि तिला त्याचं लाडाचं नाव आठवतच नाही, ते लपवायला ती नुसती "ए, इकडे ये" म्हणते, आणि तो क्षणभर जागीच थांबतो. तेवढा प्रसंग मी तीनदा वाचला. त्यानंतर लव्ह ट्रँगलची पानं भराभर उलटली आणि आठवणींची पानं सावकाश वाचली, असं वाचलं तर अजिबात बिघडत नाही.

सुरुवातीला राज्यं, घराणी, देवांची नावं यांचा मारा होतो, ती पाठ करू नका, कामाचं नाव पुढे दहा वेळा येतंच. नकाशा असेल तर तिथे खूण घालून ठेवा, बास.

नायिका सोळा-सतराची असते आणि मूर्खासारखे निर्णय घेते ही तक्रार मी पण करायचे. पण ही पुस्तकं मुळात साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिलेली असतात, त्यातली बरीचशी "मी" सांगतेय अशी आणि वर्तमानकाळात, म्हणजे सांगणाऱ्या मुलीला पुढचं काहीच माहीत नसतं, मागे वळून शहाणपण सांगायला ती मोठी झालेलीच नसते. तिचा भडका त्या वयाचा म्हणून वाचला की तोच प्रसंग खरा वाटायला लागतो. कधी तर लिहिणाराच त्या वयाचा असतो, क्रिस्टोफर पाओलिनीनं 'एरागॉन' लिहायला घेतलं तेव्हा तो १५ वर्षांचा होता, आधी ते घरच्यांनीच छापलं आणि २००३ मध्ये मोठ्या प्रकाशकानं काढलं. हे माहीत असलं की त्यातल्या ओळखीच्या वाटणाऱ्या गोष्टींमागे फँटसीवर जीव टाकणारा एक मुलगा दिसतो, मला तरी दिसला.

शेवटी अचानक नवीनच शक्ती जागी होते आणि सगळ्यांचा जीव वाचतो, हे मात्र जास्त टोचतं, आणि का टोचतं ते कळलं तर राग थोडा निवतो. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसननं २००७ साली यावर लिहिलंय, त्याचा मुद्दा असा की वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल तितकीच ती संकट सोडवायला पटते. तशी तयारी नसेल तर सुटका कशी झाली ते सोडून द्या आणि त्या सुटकेत कोणी काय गमावलं ते बघा, बऱ्याचदा लेखकाचा जीव तिथेच असतो. इंग्रज कवी कोलरिजनं १८१७ मध्ये वाचताना अविश्वास बाजूला ठेवण्याबद्दल लिहिलं तेव्हा तो आपखुशीनं ठेवायचा असंच म्हटलंय, म्हणजे थोडं काम वाचकाचं पण आहे.

पण सगळंच पोटात घालू नका. नायक पाठलाग करतो, धमकावतो आणि पुस्तक त्यालाच प्रेम म्हणतं, किंवा एक अख्खी जमात जन्मतःच दुष्ट म्हणून रंगवलेली असते, तिथे हे चूक आहे असं स्पष्ट म्हणा, मैत्रिणीला पुस्तक देताना पण सांगा. असं म्हणूनही बाकीचं पुस्तक आवडू शकतं. आणि अर्ध्यापर्यंत आवडण्यासारखं एकही काही सापडलं नाही तर खुशाल सोडा.

ट्रिलॉजी असेल तर दुसरा भाग लगेच घेऊ नका, आठवडाभर थांबा आणि डोक्यात कोण राहिलंय ते बघा. मला त्या दोन मुलांची नावं आता सांगता येणार नाहीत, तो भाऊ मात्र अजून तसाच थांबलेला दिसतो, म्हणून दुसऱ्या भागाच्या मागच्या कव्हरवर तो आहे का एवढंच बघितलं आणि घेतला.