कूस बदलली का, हे कागदच सांगेल

अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांना वृद्धाश्रमात बेडसोअर (एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमा) होतात, ते बहुतेकदा वेळेवर कूस बदलायची राहून गेल्याने.

खाटेच्या उशाशी एक तक्ता चिकटवा. त्यावर वेळ आणि कूस आधीच लिहा: ६ डावी, ८ पाठ, १० उजवी, १२ पुन्हा डावी. वळवून झालं की मावशींनी पुढे सही करायची. भेटायला आलेल्याने घड्याळ पाहायचं, मग आजी कोणत्या कुशीवर आहेत ते पाहायचं. विचारायची गरजच नाही. दिवसभराच्या सह्या एकाच बैठकीत केलेल्या दिसल्या, तर काय ते समजा.

१. पूर्ण कुशीवर वळवू नका, कुल्ह्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलवा.

२. पोटऱ्यांखाली उशी द्या. टाचेखालून कागद सहज सरकला पाहिजे.

३. ओढू नका, कातडी घासते. दोघांनी चादरीसकट उचला.

४. माकडहाड, कुल्हे, टाचा रोज पाहा. लाल डाग ३ सेकंद दाबून सोडा. फिका पडला तर तूर्त ठीक, पण तिथला भार काढा. लालच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सावळ्या त्वचेवर लाली लपते. तिथे गरम किंवा कडक लागतं का, ते हाताने तपासा.

लाल जागेला तेल लावून चोळू नका, आतली इजा वाढते. आणि एअर बेड (हवेची गादी) असला तरी कूस बदलणं चुकत नाही.