मॉर्गन डॉलर भिंगाखाली तपासताना या चुका टाळा

मॉर्गन डॉलर या अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या नाण्यावर एखादी अनपेक्षित रेघ दिसली की दुर्मीळ नाणे गवसल्याचा भास होतो. परंतु ती रेघ नाणी पाडण्याच्या ठशावरच होती, की नाणे टांकसाळीबाहेर पडल्यावर उमटली, हे आधी ठरवावे लागते. ठशाला तडा गेला असेल तर त्यात चांदी शिरते आणि नाण्यावर रेघ उठून दिसते, उलट ओरखडा नाण्यात रुतलेला असतो. न्यू ऑर्लिन्स येथे पाडलेल्या 1888 च्या 'स्कारफेस' नाण्यावर लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्याचे प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, चेहऱ्यावरून गेलेली रेघ अशीच उठावाची आहे. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली उठाव आणि खोली यांची गल्लत होते, म्हणून टेबलावरचा दिवा एका बाजूला ठेवून नाणे सावकाश फिरवत पाहावे.

सर्वाधिक फसगत दुहेरी अक्षरांमुळे होते. सैल बसलेला ठसा आघातानंतर किंचित सरकला तर अक्षराची कड दाबली जाऊन तिथे चपटी पायरी तयार होते आणि मूळ अक्षर बारीक दिसते. अशा नाण्याला सहसा अधिक किंमत मिळत नाही. ठसा घडवतानाच आकृती दोनदा उमटली असेल, तर मात्र दोन्ही प्रतिमा भरीव असतात आणि अक्षरांच्या टोकांशी खाच दिसते. 1888 च्याच 'हॉट लिप्स' नाण्यावर ओठ, नाक आणि हनुवटी अशी दुहेरी आहेत.

1878 च्या नाण्यावर गरुडाच्या शेपटीची पिसे घाईने मोजू नयेत. सुरुवातीच्या नाण्यांवर 8 पिसे होती, नंतर 7 झाली. काही ठशांवर सात पिसांच्या खालून जुन्या पिसांची टोके डोकावतात, आणि शोधायची असतात ती हीच टोके.

नाणे कुठे पाडले हे सांगणारे टांकसाळीचे चिन्ह मागच्या बाजूस, पुष्पमालेच्या गाठीखाली असते. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर ते नसतेच. 1893 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अवघी 1,00,000 नाणी पाडली गेल्याने तिथले 'एस' हे चिन्हाचे अक्षर दुसऱ्या नाण्यावर नंतर चिकटवण्याचे प्रकार होतात. 1893 च्या अस्सल 'एस' नाण्यावर 'LIBERTY'मधील 'टी'च्या माथ्यावर एक तिरपी उठावाची रेघ असते. 26.73 ग्रॅम वजन आणि 38.1 मिलिमीटर व्यास हेही पडताळावेत, मात्र चांदीची भांडी घासावीत तसे नाणे कधीही घासू नये.

किती नाणी पाडली गेली, एवढ्यावरून दुर्मीळता ठरवणे हीदेखील चूक आहे. अमेरिकेच्या 1918 च्या पिटमन कायद्यान्वये 27 कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले आणि त्यांतील बरीचशी चांदी हिंदुस्थानातील रुपयांसाठी ब्रिटिशांना विकली गेली. न्यू ऑर्लिन्सचा 1903 चा डॉलर दीर्घकाळ अतिदुर्मीळ समजला जाई; 1962 मध्ये कोषागारातून त्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि त्याचा भाव कोसळला.