वाढत्या तालुक्यासाठी नवे न्यायालय: प्रस्तावापासून पहिल्या तारखेपर्यंत

पुण्या-मुंबईच्या कडेने फुगत चाललेल्या तालुक्यांतले वकील संघ नव्या न्यायालयाची मागणी करतात, तेव्हा ठरावाची सुरुवात बहुधा लोकसंख्येने होते. प्रस्ताव तिथेच लंगडा पडतो. आधी शिल्लक प्रकरणे मांडा. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर न्यायालयनिहाय आकडे सगळ्यांना दिसतात, पण गावनिहाय फोड मूळ न्यायालयाच्या नोंदींतूनच काढावी लागते. गेल्या ३ वर्षांत दाखल किती, निकाली किती, शिल्लक किती, हे दिवाणी, फौजदारी आणि चेक न वटल्याची (कलम १३८) प्रकरणे अशा तीन वेगळ्या तक्त्यांत द्या.

सगळ्यात जास्त वेळ गावांच्या यादीला द्या. दिवाणी हद्द महसुली गावांवरून ठरते, फौजदारी कामाची वाटणी मात्र पोलीस ठाण्यांवरून होते. एखाद्या ठाण्याची चार गावे शेजारच्या तालुक्यात असतील, तर त्याच गावातला जमिनीचा दावा एका न्यायालयात आणि मारामारीचा खटला दुसऱ्यात जातो. नकाशा समोर ठेवून तहसीलदार आणि ठाणे अंमलदारांकडून यादी गावागणिक तपासून घ्या. वाडी-वस्तीचे नाव चालत नाही, महसुली नावच लागते.

ठराव प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत उच्च न्यायालयाकडे जातो. तिथली शिफारस मिळाली की विधी व न्याय विभाग, वित्त विभागाची संमती, मंत्रिमंडळाची मान्यता, पदनिर्मितीचा शासन निर्णय आणि शेवटी राजपत्रातली अधिसूचना. अधिसूचनेचे आधार दोन आहेत. दिवाणी न्यायालयासाठी १८६९ चा दिवाणी न्यायालये अधिनियम, तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ९. दुसरी बाजू राहून गेली, तर न्यायाधीश बसतील, पण रिमांडचे काम करता येणार नाही.

पैशाचा हिशेब आवर्ती (दरवर्षी होणारा) आणि अनावर्ती (एकदाच होणारा) खर्च असा वेगळा दाखवा. केंद्रपुरस्कृत पायाभूत सुविधा योजनेतून (१९९३-९४ पासून सुरू) महाराष्ट्राला ६०:४० प्रमाणात (केंद्राचे ६०, राज्याचे ४०) निधी मिळतो, तो न्यायदालने, न्यायाधीशांची निवासस्थाने, वकील कक्ष, स्वच्छतागृहे अशा बांधकामांसाठी. पगाराचा भार कायम राज्यावर राहतो, आणि फाइल अडते ती इथेच. म्हणून लघुलेखक, लिपिक, बेलिफ (समन्स बजावणारा कर्मचारी), शिपाई ही पदे मोजून मागा. सहायक सरकारी अभियोक्त्याचे पद गृह विभागाच्या अखत्यारीत येते. त्याचा प्रस्ताव त्याच आठवड्यात वेगळा पाठवला नाही, तर उद्घाटनानंतर फौजदारी बोर्डावर (रोजच्या खटल्यांच्या यादीत) नुसत्या तारखा पडतात.

इमारतीसाठी थांबू नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाड्याची जागा चालते. मात्र न्यायाधीशांसाठी वेगळी वाट, स्त्री-पुरुष आरोपींना वेगवेगळी कोठडी, गजांच्या खिडकीची मुद्देमाल खोली आणि ओल नसलेला अभिलेख कक्ष हवाच. रॅक भिंतीपासून वीतभर पुढे लावा. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या रोजनाम्यांचे (प्रकरणाच्या तारखेगणिक नोंदींचे) कागद एकमेकांना चिकटतात.

वर्ग होणाऱ्या प्रकरणांची यादी, नव्या न्यायालयातल्या पुढच्या तारखेसह, दोन्ही ठिकाणच्या फलकांवर किमान महिनाभर आधी लावा आणि प्रत्येक वकिलाच्या हाती द्या. नाहीतर पक्षकार जुन्या कोर्टाच्या ओट्यावर ताटकळत राहतो आणि नव्या कोर्टात त्याच्याविरुद्ध एकतर्फी आदेश होतो.