आतड्याच्या दाहावर पीएचडी करायची म्हणजे

एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर आलं की कुणी ना कुणी विचारतं, "ताई, इम्युनॉलॉजीत पीएचडी करायची आहे, आयबीडीचा (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा) विषय घेऊ का?" माझं उत्तर नेहमी "घे" असंच असतं. हा आजार बहुतेकांना ऐन विशी-तिशीत गाठतो, एकदा लागला की सहसा जन्मभर सोडत नाही, आणि आजची औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत. करण्यासारखं खूप आहे. पण "प्रतिकारशक्ती बेफाम झाली, ती दाबली की झालं" एवढ्याच समजुतीवर या विषयात शिरू नका.

ही समजूत किती तोकडी आहे, हे आयएल-१७ (इंटरल्यूकिन-१७, प्रतिकारपेशी सोडतात तो एक संदेशवाहक रेणू) वरून कळतं. २००६ साली जनुकीय अभ्यासात आयएल-२३ या अशाच दुसऱ्या रेणूच्या रिसेप्टरचं (तो रेणू जिथे जोडला जातो त्या प्रथिनाचं) जनुक पुढे आलं. त्यातला एक बदल ज्यांच्यात असतो, त्यांना क्रोन्स (आयबीडीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एक, दुसरा अल्सरेटिव्ह कोलायटिस) होण्याची शक्यता बरीच कमी असते. आयएल-२३मुळे टीएच-१७ या प्रतिकारपेशी तग धरतात, त्या आयएल-१७ सोडतात, आणि पेशंटच्या सुजलेल्या आतड्यात आयएल-१७ भरपूर सापडतं. मग आयएल-१७च अडवायचं, हा तर्क कुणालाही पटावा असाच होता. आयएल-१७ला अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅब या अँटिबॉडीची क्रोन्सच्या पेशंटवर चाचणी झाली. २०१२ साली निकाल छापून आला: फायदा नाहीच, उलट औषध घेतलेल्यांना त्रास जास्त. हेच औषध सोरायसिसमध्ये उत्तम काम करतं.

कारण पुढे उंदरांवरच्या कामातून उलगडत गेलं. आयएल-१७ आतड्याच्या अस्तराची डागडुजीही करतं. या अस्तराच्या (एपिथेलियमच्या) पेशींमधले सांधे घट्ट ठेवायला ते लागतं, बुरशीला आवर घालायलाही लागतं. शिवाय आतड्यातलं बरंचसं आयएल-१७ गॅमा-डेल्टा टी पेशी (टी पेशींचाच एक वेगळा गट) आयएल-२३शिवायच तयार करतात. म्हणून आयएल-२३ अडवलं तर रोग उतरतो आणि अस्तर बऱ्यापैकी शाबूत राहतं. युस्टेकिनुमॅब हे औषध आयएल-१२ आणि आयएल-२३ यांचा सामाईक भाग अडवतं. त्याला २०१६ मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळाली. एकाच साखळीतल्या दोन कड्या, आणि परिणाम असे उलटे. रेणू कोणता, हे विचारून भागत नाही. तो कुठल्या पेशीतून येतो, कुठल्या थरात काम करतो आणि आजाराच्या कुठल्या टप्प्यावर, हे विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

म्हणून माझा आग्रह असतो की पिपेट हातात घेण्याआधी एखाद्या पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून स्लाइड्स बघाव्यात. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर सरकतो आणि मुख्यतः भिंतीच्या सर्वांत आतल्या थरातच राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, मधे मधे निरोगी तुकडे सोडतो आणि भिंतीच्या आरपार जातो. पुस्तकात ही दोन वाक्यं आहेत. न्यूट्रोफिलनी (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींनी) भरलेला क्रिप्ट (अस्तरातला नळीसारखा खळगा) एकदा डोळ्यांनी पाहिला की त्यांचा अर्थ बदलतो.

आता उंदरांकडे येऊ. बहुतेक लॅबमध्ये सुरुवात डीएसएसनं (डेक्स्ट्रान सल्फेट सोडियमनं) होते: पिण्याच्या पाण्यात हे रसायन आठवडाभर द्यायचं, उंदराचं वजन उतरतं, शौचात रक्त येतं, मोठं आतडं आखडतं. सोपं आणि झटपट. पण टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांनाही डीएसएसनं कोलायटिस होतो, हे लक्षात ठेवा. अस्तराची इजा आणि ते भरून येणं यासाठी हे मॉडेल चांगलं आहे. टी पेशींबद्दल प्रश्न असेल तर टी पेशी ट्रान्सफरचं मॉडेल घ्या, ज्यात टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांना बाहेरून टी पेशी देतात. दाह आवरणारं आयएल-१० नसलेल्या उंदरांना आतड्याचा दाह होतो, हे १९९३ साली दाखवलं गेलं. हेच उंदीर जंतुमुक्त ठेवले तर त्यांना रोग होत नाही. यावरून पिंजऱ्याचं महत्त्व ओळखा. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या उंदरांच्या पोटातले जिवाणू वेगळे असतात, त्यामुळे नॉकआउट (एखादं जनुक काढून टाकलेले) आणि कंट्रोल (तुलनेसाठीचे) उंदीर एकाच विणीतले असलेले बरे. नाहीतर जनुकाचा म्हणून जो फरक मोजाल, तो निव्वळ जिवाणूंचा निघू शकतो.

एक गोष्ट पेपरच्या मेथड्समध्ये एका ओळीत उरकलेली असते, पण नवख्याचे महिने खाते. डीएसएस दिलेल्या उंदराच्या आतड्यातून आरएनए काढला की त्याच्यासोबत डीएसएसही येतं. नॅनोड्रॉपवर (आरएनए किती आणि किती शुद्ध हे मोजणाऱ्या यंत्रावर) रीडिंग सुरेख दिसतं, जेलवर पट्टे स्वच्छ दिसतात आणि क्यूपीसीआरमध्ये (जनुक किती चालू आहे हे मोजणाऱ्या चाचणीत) मात्र काहीच वर येत नाही, कारण डीएसएस त्यातल्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज आणि पॉलिमरेज या दोन्ही एन्झाइमना अडवतं. लिथियम क्लोराइडनं आरएनए पुन्हा खाली बसवून धुतला की काम होतं. धोका असा की कंट्रोल उंदरांत डीएसएस नसल्यानं त्यांचं जनुक व्यवस्थित दिसतं, आणि आजारी उंदरांत ते "कमी झालं" असा निष्कर्ष निघतो. हाउसकीपिंग जनुकाचे (सगळ्या पेशींत साधारण सारखंच चालू असणाऱ्या जनुकाचे) आकडे दोन्ही गटांत सारखे आहेत का, हे आधी पाहा.

लॅमिना प्रोप्रियातून (अस्तराखालच्या थरातून) पेशी काढणं हे हातानंच शिकायचं काम. आतडं उभं चिरून धुवायचं, ईडीटीएनं अस्तर सोडवायचं, मग कोलाजिनेज आणि डीएनेज घालून ३७ अंशांवर हलवत ठेवायचं. वेळ कमी पडला तर मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) आतच अडकून राहतात, जास्त झाला तर पेशी मरतात. काही एन्झाइम तर पेशीवरचे मार्करच (ओळखखुणाच) कापतात, म्हणून फ्लो सायटोमेट्रीत (अशा खुणांवरून पेशी मोजण्याच्या तंत्रात) एखादा गट गायब दिसला तर आधी एन्झाइमवर संशय घ्या. सीनियर हे करत असेल तेव्हा वही घेऊन शेजारी उभं राहा.

भारतात राहून काम करणाऱ्यांपुढे एक प्रश्न आहे, जो युरोपातल्या लॅबसमोर क्वचितच येतो. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स इथे इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरही अडतात. अनेकदा आधी टीबीची औषधं सुरू करून काही महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करावी लागते. त्यात इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं अडवतात तो टीएनएफ (दाह वाढवणारा रेणू) टीबीच्या जंतूला ग्रॅन्युलोमात (प्रतिकारपेशींच्या गाठीत) कोंडून ठेवायलाही लागतो. तो अडवला की लपलेला टीबी उसळू शकतो. जनुकांचंही तेच. २००१ साली सापडलेले नॉड-२ या जनुकातले ते क्रोन्सशी जोडलेले प्रसिद्ध बदल युरोपीय पेशंटमध्ये महत्त्वाचे आहेत, भारतीय पेशंटमध्ये ते फारसे आढळत नाहीत. आपल्या लोकांत हा आजार कुठल्या वाटेनं येतो, हे आपणच शोधायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गाइड निवडताना प्रयोगशाळेचं नाव बघण्याआधी विचारा: गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीचा कुठला विभाग बरोबर काम करतो? बायोप्सी कोण आणून देतं? एथिक्स कमिटीची मंजुरी आहे की अजून अर्ज करायचा आहे? सीएसआयआर, डीबीटी किंवा आयसीएमआरची फेलोशिप हातात असेल तर निवडीला मोकळीक मिळते. २०२३पासून जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोला) महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. बायोप्सीचा तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा, त्यामुळे त्यातून काय काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. सूज असलेल्या आणि नसलेल्या भागांचे तुकडे शक्यतो एकाच पेशंटचे आणि आतड्याच्या एकाच भागातले घ्या. लहान आतड्याची तुलना मोठ्या आतड्याशी करून काही हाती लागत नाही.

आणि थोडं आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकाच. सिंगल सेलचा (एकेका पेशीत कुठली जनुकं चालू आहेत याचा) पुष्कळ डेटा सार्वजनिक आहे, तो उघडून बसायला कुणाची मंजुरी लागत नाही. ॲनिमल हाउसच्या परवानगीची वाट बघत असताना, तुम्हाला हवा तो रेणू पेशंटच्या आतड्यात नेमक्या कुठल्या पेशीत आहे, हे तिथे आधी शोधून ठेवा.