क्ष-किरण वर्णपट शिकताना: वाटेतल्या वायूचा आणि धुळीचा हिशेब

क्ष-किरण स्रोतांच्या वर्णपटाशी गणिती मॉडेल जुळवायला शिकणारे बरेच जण शोषणाचा घटक, म्हणजे वाटेतल्या द्रव्याने किती क्ष-किरण गिळले त्याचा हिशेब, मॉडेलच्या सुरुवातीला टाकतात आणि विसरून जातात. माझं सांगणं असं, की सुरुवातीचा बराचसा वेळ त्यालाच द्या. मला या विषयाची गोडी लागली ती तिथूनच.

तारा आणि आपण यांच्यामधलं द्रव्य तेच, पण दृश्य प्रकाशाला धूलिकण अडवतात. निळा जास्त अडतो, म्हणून तारा मंद होतो तसा लालसरही दिसतो. क्ष-किरण अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतो आणि तिथेच संपतो. तो अणू वायूत आहे की धूलिकणात, याने फारसा फरक पडत नाही. ऊर्जा दुप्पट झाली की शोषण साधारण आठपट घटतं. म्हणून आकाशगंगेच्या केंद्राकडून येणारा दृश्य प्रकाश सुमारे ३० प्रतींनी (प्रत हे ताऱ्यांच्या तेजस्वितेचं माप) मंदावतो, म्हणजे एक लाख कोटी फोटॉनांतला जेमतेम एक पोचतो, आणि तिथलेच ५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) वरचे क्ष-किरण बहुतांशी पार होतात!

आता खरी मेख. १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास शोषण करतात मुख्यतः ऑक्सिजन, निऑन, लोह यांसारखे जड अणू, पण आकडा लिहिला जातो हायड्रोजनचा: ‘एन-एच’, दर चौरस सेंटिमीटरच्या स्तंभातले अणू. म्हणजे कोणतं मूलद्रव्य किती, हे आधी गृहीत धरावं लागतं. ‘एक्सस्पेक’ या वर्णपट जुळवायच्या संगणकप्रणालीतल्या जुन्या, १९८९ च्या तक्त्यात दहा लाख हायड्रोजन अणूंमागे ऑक्सिजनचे ८५१ अणू आहेत, २००० च्या विल्म्स तक्त्यात ४९०. तक्ता बदलला की तोच वर्णपट वेगळा एन-एच देतो. इतरांच्या आकड्याशी तुलना करण्याआधी त्यांचा तक्ता बघाच.

दुसरं, एन-एच आणि वर्णपटाचा उतार एकमेकांत गुंततात: शोषण वाढवलं की उतारही तीव्र होतो आणि जुळणी तितकीच चांगली दिसते. इथे दृश्य निरीक्षणं कामी येतात. दर एका प्रतीच्या मंदतेमागे एन-एच साधारण २ वर २१ शून्यं इतका असतो. त्याहून बराच जास्त आला, तर उरलेलं द्रव्य बहुधा स्रोताच्या अवतीभवतीच असतं. जोडताऱ्यात ते कक्षेच्या कालावधीनुसार कमीजास्त होतं का, हे लगेच तपासा.